काळ्या चौकटीतला ठराव : सिनेटने आपलेच इतिवृत्त खोडले, त्याचे प्रकरण

सातबाऱ्यावरून जुन्या खातेदाराचे नाव कुणी खरवडून काढत नाही. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर घालतात. नाव वाचता येते, फक्त त्याचा अंमल संपलेला असतो. १६ जानेवारी १८३७ च्या रात्री अमेरिकेच्या सिनेटने राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या आपल्याच एका ठरावाला जवळजवळ असाच कंस केला. ठरावाभोवती जाड काळ्या रेघांची चौकट आखली आणि त्यावर आडवे लिहिले की सिनेटच्या आदेशाने हे काढून टाकले आहे.

हे जुने प्रकरण आता उघडण्याचे कारण म्हणजे २०२२ पासून वॉशिंग्टनमध्ये झालेले प्रयत्न. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरचे दोन्ही महाभियोग प्रतिनिधिगृहाच्या नोंदींतून पुसून टाकावेत, असे ठराव मांडले गेले. राष्ट्राध्यक्षावरचा महाभियोग असा पुसल्याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारे आहे ते हे अँड्र्यू जॅक्सन यांचे. त्यात महाभियोग नव्हता, निषेधाचा ठराव होता. पण खुद्द जॅक्सन यांचे म्हणणे असे होते की हा महाभियोगच आहे, फक्त मागच्या दाराने आणलेला.

पार्श्वभूमी

भांडण बँकेवरून सुरू झाले. 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ला (ही त्या नावाची दुसरी) १८१६ मध्ये वीस वर्षांची सनद मिळाली होती. एक पंचमांश भांडवल सरकारचे, बाकीचे खासगी, मुख्य कचेरी फिलाडेल्फियात. सरकारी महसूल याच बँकेत जमा होई. जॅक्सन यांना ती मूठभर धनिकांची मक्तेदारी वाटे. सनद वाढवण्याचे विधेयक त्यांनी १० जुलै १८३२ रोजी नकाराधिकार वापरून परत पाठवले आणि त्याच वर्षाच्या निवडणुकीत हेन्री क्ले यांना हरवून पुन्हा सत्तेवर आले. जनतेने कौल दिला, असा त्यांनी याचा अर्थ लावला.

सनद १८३६ पर्यंत होती, पण तेवढे थांबायची त्यांची तयारी नव्हती. सरकारी ठेवी आत्ताच बँकेबाहेर न्यायच्या होत्या. कायद्याने हा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला नव्हता, अर्थमंत्र्यांना दिला होता, आणि त्यांनी कारणे काँग्रेसपुढे ठेवायची होती. अर्थमंत्री विल्यम ड्युएन यांनी आदेश काढायला नकार दिला. राजीनामा द्यायलाही नकार दिला. सप्टेंबर १८३३ मध्ये जॅक्सन यांनी त्यांना काढले आणि रॉजर टॅनी यांना आणले. १ ऑक्टोबरपासून नवा महसूल निवडक राज्य बँकांत जाऊ लागला. विरोधक त्यांना 'लाडक्या बँका' म्हणत.

राष्ट्राध्यक्ष मंत्र्याला काढू शकतो. मग जो अधिकार फक्त मंत्र्याचा आहे, तो मंत्री बदलून स्वतः वापरता येतो का? खरा प्रश्न एवढाच होता, आणि तो लहान नव्हता. पुढची तीन वर्षे मात्र यावर कमी आणि कागदावरच्या चार ओळींवर जास्त भांडण झाले.

२६ डिसेंबर १८३३ रोजी क्ले यांनी सिनेटमध्ये ठराव मांडला. महाभियोगाचा रस्ता बंद होता, कारण तो सुरू करायचा अधिकार प्रतिनिधिगृहाचा आणि तिथे बहुमत जॅक्सन यांचे. सिनेटमध्ये मात्र विरोधक वरचढ होते. तीन महिने चर्चा चालली आणि २८ मार्च १८३४ रोजी २६ विरुद्ध २० मतांनी ठराव संमत झाला. महसुलाच्या अलीकडच्या कारभारात राष्ट्राध्यक्षांनी संविधान व कायदे यांनी न दिलेले, उलट त्यांची पायमल्ली करणारे अधिकार स्वतःकडे घेतले, असा त्याचा आशय.

या घडामोडींतला पहिला निर्णयबिंदू इथेच आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. क्ले यांच्या मूळ मसुद्यात आरोप नेमका होता : ड्युएन यांना कशासाठी काढले आणि त्यात चूक काय. मते जुळवता जुळवता ते तपशील गळाले आणि उरले ते मोघम वाक्य. कोणता कायदा मोडला, संविधानातले कोणते कलम मोडले, याचा त्यात पत्ता नाही. मोघम ठरावाला जास्त मते मिळतात, हे कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला ठाऊक असते. पण तो टिकवणे अवघड जाते, कारण नंतर त्याचा बचाव कोणत्या मुद्द्यावर करायचा हेच कळत नाही.

अडचण

जॅक्सन गप्प बसू शकले असते. ठरावाने त्यांची खुर्ची जात नव्हती, ठेवीही परत येत नव्हत्या. पण एप्रिलमध्ये त्यांनी सिनेटला लांबलचक निषेधपत्र पाठवले आणि ते इतिवृत्तात नोंदवावे अशी मागणी केली.

पत्रातला युक्तिवाद आजही धारदार वाटतो. राष्ट्राध्यक्षाने संविधान मोडले असे म्हणणे म्हणजे महाभियोगास पात्र गुन्ह्याचा आरोप. तो लावायचा प्रतिनिधिगृहाने. मग सिनेटने शपथ घेऊन खटला चालवायचा, आरोपीला बाजू मांडू द्यायची आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मते लागतात. इथे आरोप नाही, सुनावणी नाही, शपथ नाही. मतदान केलेल्या ४६ जणांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१ मते आणि ठरावाला पडली २६. शिवाय उद्या खरेच महाभियोग आला, तर ज्यांनी न्यायाधीश म्हणून बसायचे त्यांनी निकाल आधीच देऊन ठेवला आहे.

पत्रात आणखी एक गोष्ट होती. मेन, न्यू जर्सी आणि ओहायो या तीन राज्यांच्या विधिमंडळांचा कल उघडपणे जॅक्सन यांच्या बाजूने असताना तिथल्या चार सिनेटरांनी ठरावाच्या बाजूने मते दिली होती. ती चार मते फिरली असती तर ठराव पडला असता, हे त्यांनी गणित करून दाखवले. तेव्हा सिनेटर थेट लोकांकडून नव्हे, तर राज्यांच्या विधिमंडळांकडून निवडले जात. त्यामुळे या गणितात धमकीही होती आणि पुढच्या लढाईचा नकाशाही.

सिनेटने पत्र इतिवृत्तात घ्यायला साफ नकार दिला आणि जूनमध्ये टॅनी यांची अर्थमंत्रिपदावरची नेमणूकही फेटाळली. म्हणजे अधिकृत वहीत आरोप राहिला आणि उत्तराला जागा मिळाली नाही.

समोर असलेले पर्याय

जॅक्सन यांच्या बाजूने ही लढाई अंगावर घेतली ती मिझुरीचे सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांनी. गंमत म्हणजे १८१३ मध्ये नॅशव्हिलमध्ये याच दोघांची हाणामारी झाली होती आणि तिथे लागलेली गोळी जॅक्सन पुढे कित्येक वर्षे अंगात वागवत होते.

बेंटन यांच्यापुढे ढोबळपणे तीन वाटा होत्या. पहिली, ठराव तसाच सोडून द्यायचा आणि न्याय काळावर सोपवायचा. दुसरी, नव्या ठरावाने जुना ठराव मागे घ्यायचा किंवा चुकीचा ठरवायचा. तिसरी, जुना ठराव वहीतूनच काढून टाकायचा.

दुसरी वाट सर्वांत सोपी होती. जॅक्सन यांचे बरेच समर्थकही तिच्यावर खूश होते. पण बेंटन यांचा हट्ट 'काढून टाकणे' या शब्दासाठी होता. मागे घेतलेला ठराव तोपर्यंत वैध होता असे मान्य करावे लागते, आणि तो मुळातच अवैध होता हे त्यांना वदवून घ्यायचे होते. त्यांनी विलायतेतला दाखलाही शोधला. जॉन विल्क्स या खासदाराविरुद्धचा १७६९ चा ठराव ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने १७८२ मध्ये आपल्या नोंदींतून काढून टाकला होता.

अडसर संविधानाचा होता. प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाचे इतिवृत्त ठेवावे, असे त्यात लिहिले आहे. ठेवावे म्हणजे काय? विरोधक म्हणाले, जपून ठेवावे. खोडण्याच्या बाजूचे म्हणाले, लिहीत जावे. मराठी वाचकाला हा वाद समजावून सांगायची गरज नाही, कारण आपलेही क्रियापद असेच दुतोंडी आहे. 'जमाखर्च ठेवला' यात लिहिणे असते आणि 'दागिने ठेवले' यात जपणे. माझे मत विरोधकांच्या बाजूने झुकते. जी वही उद्याच्या बहुमताला खोडता येते, ती लिहिण्याचा संविधानाने आग्रह तरी कशाला धरावा?

तीन वर्षांची वाट

पहिला खरा प्रयत्न १८३५ च्या सुरुवातीला झाला आणि फसला. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी 'काढून टाकणे' हा शब्दच बेंटन यांच्या प्रस्तावातून ३९ विरुद्ध ७ मतांनी वगळला गेला. जॅक्सन यांचे समर्थकही त्या ३९ मध्ये होते. दुसरा कुणी असता तर त्याने उरलेला मवाळ ठराव पदरात पाडून घेतला असता. बेंटन यांनी तो नवा करून पुन्हा मांडायचे ठरवले.

त्यांच्या लक्षात आले होते की सिनेटमधल्या भाषणांनी सिनेट बदलणार नाही, सिनेटर बदलायला हवेत. जॅक्सन यांच्या पक्षाने राज्याराज्यांच्या विधिमंडळांत हा विषय नेला. ठराव काढून टाकण्याच्या बाजूने मत द्या, असे आदेश तिथून आपापल्या सिनेटरांना सुटू लागले. मुदत संपलेल्या जागांवर नवी माणसे आली ती या प्रश्नावर शब्द देऊनच.

व्हर्जिनियातली कहाणी सर्वांत बोलकी आहे. १८३४ मध्ये तिथल्या विधिमंडळाचा आदेश जॅक्सन यांच्या विरोधात होता. सिनेटर विल्यम राइव्ह्ज यांना तो मान्य नव्हता, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. १८३६ मध्ये विधिमंडळ उलटले आणि आदेश आला ठराव काढून टाकण्याच्या बाजूने. आता राजीनामा द्यायची पाळी जॉन टायलर यांची होती. इतिवृत्ताला हात लावणे संविधानाविरुद्ध आहे, असे सांगून त्यांनी फेब्रुवारीत जागा सोडली. त्या जागेवर निवडून आले ते राइव्ह्ज! दुसरे सिनेटर बेंजामिन ली यांनी आदेशही पाळला नाही आणि तेव्हा राजीनामाही दिला नाही. काही महिन्यांनी तेही गेले. एका राज्याने दोन वर्षांत एकाच वादापायी तीन सिनेटर गमावले, त्यातला एक परत मिळवला.

१६ जानेवारी १८३७

बेंटन यांनी अखेरचा प्रस्ताव मांडला तो २६ डिसेंबर १८३६ रोजी, म्हणजे क्ले यांच्या ठरावाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. तारीख त्यांनी लक्षात ठेवली होती.

आता मते होती, पण एकी नव्हती. काहींना शाई फासून ओळी नाहीशा करायच्या होत्या, तर काहींना वहीला हात लावायला धजवत नव्हते. शनिवारी, १४ जानेवारीला रात्री हे सगळे बूलांजे यांच्या उपाहारगृहात जमले आणि मध्यरात्रीपर्यंत बसून एका तोडग्यावर आले. ओळी तशाच राहतील, त्यांच्याभोवती काळ्या रेघांची चौकट काढायची आणि वर मोठ्या अक्षरांत आदेश लिहायचा. खोडण्याची बाजू जिंकली ती या जेवणाच्या टेबलावर. यातून ज्यांना इतिवृत्त जपायचे होते त्यांना ओळी वाचता येत राहिल्या आणि ज्यांना ते खोडायचे होते त्यांना खोडल्याचे समाधान मिळाले.

सोमवारी चर्चा लांबवून विरोधक सगळ्यांना दमवणार, हे गृहीत धरून बेंटन यांनी सभागृहाशेजारच्या समितीच्या खोलीत मांस, टर्की, लोणची, मद्य आणि गरम कॉफी असा सरंजाम मांडून ठेवला. कोरम टिकवायचा असेल तर माणसांची पोटे भरलेली हवीत! विरोधी बाजूचे सिनेटर क्ले, कॅल्हून, वेबस्टर तिघेही बोलले. वेबस्टर यांनी विरोधाचे निवेदन वाचले. रात्री मतदान झाले : २४ विरुद्ध १९.

सिनेटचे सचिव ॲस्बरी डिकिन्स यांनी १८३४ ची हस्तलिखित वही आणली, पान उघडले, रेघा ओढल्या आणि त्यावर लिहिले, "सिनेटच्या आदेशाने, १६ जानेवारी १८३७ रोजी, काढून टाकले." विरोधी सिनेटरांपैकी बरेच जण तोवर उठून गेले होते. प्रेक्षागारातून हुर्यो झाली. बेंटन खवळले, हे बँकेचे गुंड आहेत म्हणाले आणि त्यांना पकडायची मागणी केली. एकाला सभागृहापुढे आणलेही गेले आणि मग सोडून दिले.

निष्पत्ती

लेखणी जॅक्सन यांच्याकडे गेली. त्यांनी ठराव काढून टाकणाऱ्या सिनेटरांना सपत्नीक मेजवानी दिली. स्वतः आजारी होते, फार वेळ बसवेना, म्हणून आपल्या खुर्चीवर बेंटन यांना बसवून ते खोलीत गेले. ४ मार्चला त्यांची मुदत संपली. बँकेचे काय व्हायचे ते आधीच झाले होते. १८३६ मध्ये तिची संघराज्याची सनद संपली होती. ठेवी हलवणे कायदेशीर होते की नव्हते, या मूळ प्रश्नाला चौकटीने हातही लावला नाही.

ती वही आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सिनेटच्या इतिवृत्ताच्या हजारो पानांपैकी लोकांना दाखवतात ते नेमके हेच पान. चौकट नसती तर २८ मार्च १८३४ चा ठराव शोधायला कुणी गेले असते का, याची मला शंका आहे.

तोच प्रयोग पुन्हा : २०२२ ते २०२४

ट्रम्प यांच्यावर प्रतिनिधिगृहाने दोनदा महाभियोग लावला. १८ डिसेंबर २०१९ रोजी दोन कलमे संमत झाली, २३० विरुद्ध १९७ आणि २२९ विरुद्ध १९८. १३ जानेवारी २०२१ रोजी एक कलम २३२ विरुद्ध १९७ मतांनी, त्यात दहा रिपब्लिकन. सिनेटमध्ये दोन्ही वेळा ते सुटले. दुसऱ्या वेळी दोषी म्हणणारे ५७ होते, तर लागत होते ६७.

२०२२ मध्ये ओक्लाहोमाचे मार्कवेन मलिन यांनी हे महाभियोग काढून टाकण्याचे ठराव मांडले, पण तेव्हा बहुमत डेमोक्रॅटांचे होते. रिपब्लिकन बहुमत आल्यावर जून २०२३ मध्ये मार्जरी टेलर ग्रीन यांनी पहिल्या महाभियोगासाठी आणि एलिझ स्टेफानिक यांनी दुसऱ्यासाठी ठराव आणले. जणू ही कलमे सभागृहाने कधी संमतच केली नव्हती अशा रीतीने ती काढून टाकावीत, असे त्यांचे शब्द. सभापती केव्हिन मॅकार्थी यांनी जाहीर पाठिंबा दिला.

असा ठराव एकट्या प्रतिनिधिगृहाचा असतो. त्याला सिनेटची संमती लागत नाही, राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही, साधे बहुमत पुरते. तरीही तो मतदानाला आलाच नाही. बहुमत इतके निसटते होते की चार-पाच जण फुटले तरी डाव उलटला असता. २०२१ मध्ये महाभियोगाच्या बाजूने मत दिलेले डेव्हिड व्हॅलडेओ आणि डॅन न्यूहाउस अजून सभागृहात होते. त्यांनी आता काय करायचे, आपलेच मत कधी पडले नव्हते असे मत द्यायचे? शिवाय २०२० मध्ये बायडन यांनी जिंकलेल्या मतदारसंघांतून आलेल्या सदस्यांना ६ जानेवारी २०२१ च्या संसद भवनावरील हल्ल्याचा विषय पुन्हा उकरून नको होता. मॅकार्थी यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : मतदान घेऊन हरण्याचा धोका पत्करायचा, किंवा पाठिंबा बोलत राहून ठराव न्यायविषयक समितीत पडू द्यायचा. झाले ते दुसरे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचे स्वतःचेच पद २१६ विरुद्ध २१० मतांनी गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपताच ठरावही निकालात निघाले.

मतांची जुळवाजुळव बाजूला ठेवली तरी एक पेच उरतोच. १८३४ चा ठराव सिनेटचा, वही सिनेटची, खोडणारेही सिनेटच. महाभियोगाचे तसे नाही. कलमे प्रतिनिधिगृहातून सिनेटकडे गेली, तिथे खटले चालले आणि निकाल सिनेटच्या इतिवृत्तात नोंदला गेला. त्या वहीला प्रतिनिधिगृह हात लावू शकत नाही. आणि महाभियोग कधी झालाच नाही असे म्हटले, तर ट्रम्प निर्दोष सुटले ते कशातून?

काय वेगळे करता आले असते

माझ्या मते सर्वांत मोठी चूक पहिल्या दिवसांतली आणि ती क्ले यांची. मूळ मसुद्यातला नेमका आरोप त्यांनी ठेवला असता तर कदाचित तीन-चार मते कमी पडली असती, पण मग बेंटन यांना ड्युएन यांच्या बडतर्फीवर बोलावे लागले असते. ठराव मोघम होता, म्हणून त्याला मुळापासून अवैध म्हणणे सोपे गेले.

बेंटन यांच्या हट्टाबद्दल मी साशंक आहे. सभागृहाला आपली चूक कबूल करायची असेल तर पान खराब न करताही ती करता येते. आपल्याकडे हे घडले आहे. डिसेंबर १९७८ मध्ये सहाव्या लोकसभेने विशेषाधिकारभंगाबद्दल इंदिरा गांधींचे सदस्यत्व काढून घेतले आणि सत्र संपेपर्यंत त्यांना तुरुंगात पाठवले. ७ मे १९८१ रोजी सातव्या लोकसभेने तो ठराव रद्द केला, पण १९७८ च्या कामकाजाला हात लावला नाही. आज दोन्ही ठराव आपापल्या तारखांना वाचता येतात. तो ठराव रद्द करणारे बहुमतही इंदिराजींचेच होते, तेव्हा फार भाबडे व्हायचे कारण नाही. पण वही शाबूत राहिली. 'कामकाजातून काढून टाका' हा सभापतींचा आदेश आपल्याला विधानसभेच्या बातम्यांतून ओळखीचा आहे, पण तो असंसदीय शब्दांसाठी असतो. सभागृहाने घेतलेल्या निर्णयासाठी तो वापरत नाहीत. २०२३ मध्ये ग्रीन आणि स्टेफानिक यांनीही 'आमच्या मते हे महाभियोग चुकीचे होते' एवढाच ठराव आणला असता, तर काठावरच्या सदस्यांना त्यावर मत देणे थोडे सोपे गेले असते. अर्थात ट्रम्प यांना तेवढ्याने समाधान वाटले असते असे नाही.

आणि सिनेटने १८३४ मध्ये जॅक्सन यांचे पत्र इतिवृत्तात घेतले असते तर? आरोपाशेजारीच उत्तर राहिले असते आणि खोडण्याच्या मागणीतली निम्मी हवा गेली असती. ते पत्र नाकारणाऱ्यांत जॉन टायलर होते. १८४२ मध्ये टायलर स्वतः राष्ट्राध्यक्ष होते. प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्यांच्यावर ताशेरे ओढले आणि त्यांनीही निषेधपत्र पाठवले. सभागृहाने उत्तरादाखल जे ठराव संमत केले त्यांचे शब्द नवे नव्हते. ते सिनेटने १८३४ मध्ये जॅक्सन यांचे पत्र नाकारताना वापरलेले, टायलर यांनी तेव्हा बाजूने मत दिलेले शब्द होते.